मैदानात बसूनही कानाला रेडिओ

बेसबॉलवेड्या एका मित्राने परवा विचारलं, "ज्याने डॉजर्ससाठी एक चेंडूसुद्धा टाकला नाही, त्याचं नाव लॉस एंजेलिसच्या रस्त्याला कशासाठी?" रोख विन स्कली यांच्याकडे होता. १९५० ते २०१६, तब्बल ६७ हंगाम डॉजर्स या एकाच संघाचं धावतं समालोचन करणारा हा माणूस. नुसतं टिकून राहण्याचा सत्कार मलाही पटत नाही. त्यामुळे प्रश्न झटकता येईना.

मित्राचं पुढचं म्हणणं असं, की रेडिओ म्हणजे घरी बसलेल्यांचे डोळे. टीव्ही आला, गरज सरली. मग १९५८ नंतरच्या लॉस एंजेलिसचं काय? संघ ब्रुकलिनहून तिथे आला, अवाढव्य कोलिझियममध्ये खेळू लागला आणि लोक तिकीट काढून, ट्रान्झिस्टर घेऊन आत येऊ लागले. १९६० मध्ये पंच फ्रँक सेकोरी यांचा वाढदिवस होता. स्कलींनी माईकवरून सुचवलं, मी तीन म्हटलं की सगळ्यांनी शुभेच्छा द्या. प्रेक्षक एकसुरात ओरडले! लांबच्या जागांवरून खेळ नीट दिसत नसे, हे खरं. पण १९६२ मध्ये नवं डॉजर स्टेडियम झालं, तरी ट्रान्झिस्टर येतच राहिले. बाळ ज. पंडितांचं क्रिकेटचं मराठी समालोचन ऐकलेल्या पिढीला यात नवल वाटणार नाही.

म्हणजे स्कलींचं काम दाखवण्याचं नव्हतंच. मला वाटतं, समालोचक दोन प्रकारचे. एक शेजारच्या सहकाऱ्याशी गप्पा मारतो, आपण त्या चोरून ऐकल्यासारख्या ऐकतो. दुसरा थेट आपल्याशी बोलतो. डॉजर्सच्या सामन्यांत स्कली माईकवर एकटेच असत. पगार क्लबचा, पण क्लबबद्दल "आम्ही" म्हणून बोलणं त्यांनी कटाक्षाने टाळलं. एवढ्यावर रस्ता मिळावा, असं म्हणून मी थांबणार होतो.

पण ९ सप्टेंबर १९६५ ची रात्र आठवली. डॉजर्सचा गोलंदाज सँडी कोफॅक्स एकाही फलंदाजाला बेसवर पोहोचू न देता शेवटच्या डावात आला होता. स्कली मधूनमधून घड्याळातली वेळ सांगत होते. श्रोत्याला तिचा काय उपयोग? पण या डावाचं ध्वनिमुद्रण पुढे कोफॅक्सच्या हाती पडेल, तेव्हा तारीख-वेळ त्यात असावी, ही काळजी होती. तीच नजर १९७४ मध्ये अटलांटात दिसली. हँक आरनने कारकिर्दीतला ७१५ वा होमरन मारून बेब रूथचा विक्रम मोडला. स्कली बराच वेळ गप्प राहिले, गर्दीचा जल्लोष तेवढा ऐकू दिला. मग बोलले ते चेंडूबद्दल नव्हे. अमेरिकेच्या दक्षिण भागात एका काळ्या माणसासाठी लोक उभे राहून टाळ्या वाजवताहेत, हे त्यांनी सांगितलं. आरनला जिवे मारण्याच्या धमक्या येत होत्या, हे लक्षात घेतलं की या वाक्याचं वजन कळतं.

अशी साक्ष खेळणाऱ्याला स्वतः देता येत नाही. ती बाहेरच्यानेच द्यावी लागते. मित्राचा आक्षेप मला आता त्या सन्मानाचं कारण वाटतो. माझी तक्रार वेगळीच आहे. २०१६ मध्ये त्यांचं नाव रस्त्याला दिलं. पुढच्या हंगामापासून डॉजर्सच्या टीव्ही बूथमध्ये मात्र दोघांची जोडी बसवली. पाटी लावली, पण एकट्याने श्रोत्याशी बोलण्याची ती रीत कुणी चालवली नाही.