पापणीआडची साक्ष

१९३३ च्या सुमारास अमेरिकेत ‘लॅश ल्यूर’ नावाच्या, पापण्या रंगवणाऱ्या द्रव्याने काही स्त्रियांचे डोळे पोळले, एकीची दृष्टी कायमची गेली. १९३८ च्या अन्न, औषध व प्रसाधन कायद्यामागे ज्या वेदना उभ्या होत्या, त्यांत या डोळ्यांचीही होती. मला थबकवते ते त्यापुढचे पाऊल. माणसाचा डोळा राखण्यासाठी १९४४ मध्ये जॉन ड्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी चाचणी मांडली, तिच्यात पांढऱ्या सशाच्या डोळ्यात ०.१ मिलिलिटर द्रव्य सोडायचे, आणि पारपटल किती गढुळले, लाली किती चढली, स्राव किती झाला याला गुण द्यायचे. बेरीज जास्तीत जास्त ११०. एका करुणेच्या पोटी दुसरी निष्ठुरता यावी, तीही कर्तव्यदक्ष माणसांच्या हातून, हे मनुष्यस्वभावाचे कोडे मला अजून सुटलेले नाही.

ससा पापण्या क्वचितच मिटतो, त्याला अश्रूही थोडेच येतात. म्हणजे जे तो धुऊन टाकू शकत नाही, तेच आपल्या मोजमापाच्या सोयीचे ठरले. आणि हे मोजमाप तरी स्थिर होते का? १९७१ मध्ये वाइल आणि स्काला या संशोधकांनी दाखवले, की तीच द्रव्ये वेगवेगळ्या प्रयोगशाळांत तपासली असता निष्कर्षांत मोठी तफावत पडते. पाहणाऱ्याची नजरच डळमळती असेल, तर सोसणाऱ्याने नेमकी कशाची साक्ष दिली?

प्राणिप्रयोगांसाठी रसेल आणि बर्च या संशोधकांनी १९५९ मध्ये पर्याय, घट आणि परिष्कार ही त्रयी मांडली. तिच्यातली घट मला सर्वांत विनम्र वाटते, कारण ती निष्पापतेचा दावा करत नाही, फक्त प्रश्नांचा क्रम बदलते. आज आधी जुनी माहिती धुंडाळतात, अतितीव्र आम्ल वा अल्कली प्राण्याच्या डोळ्यात घालतच नाहीत, मग कत्तलखान्यातून आणलेल्या गुरांच्या पारपटलातून प्रकाश किती आरपार जातो ते पाहतात, मानवी पेशींच्या वाढवलेल्या थरावर द्रव्य ठेवतात. एवढ्यानेही उलगडा झाला नाही, तरच एक ससा, भूल आणि वेदनाशामक देऊन. ज्याला आपण सर्वप्रथम विचारत होतो, त्याला आता सर्वांत शेवटी विचारतो. ज्ञानाची नीतिमत्ता मला या क्रमात दिसते. कत्तलखान्यातला तो डोळाही कोणाचा तरी होता, हे मात्र विसरवत नाही.

न्यूयॉर्कमधले शाळाशिक्षक हेन्री स्पायरा यांनी १९८० मध्ये सशांच्या डोळ्यांचा प्रश्न वृत्तपत्राच्या पानभर जाहिरातीतून विचारला, तेव्हा कुठे प्रसाधन कंपन्यांचा पैसा पर्यायांच्या संशोधनाकडे वळला. भारताने २०१४ मध्ये प्रसाधनांसाठीच्या प्राणीचाचण्यांवर बंदी घातली. इतर रसायनांसाठी मात्र सशाच्या डोळ्यावरची, आर्थिक सहकार्य व विकास संघटनेची ४०५ क्रमांकाची मार्गदर्शिका आजही लागू आहे. ज्यांच्या सहीने परवाने दिले जातात त्यांनी, दुसऱ्या पद्धतीने उत्तर मिळत असेल तेथे, ही चाचणी मागू नये.