माझं काम, माझा नगरसेवक

मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत या शहराला एकही नगरसेवक नव्हता. २२७ जागा रिकाम्या. आयुक्तच प्रशासक, प्रस्ताव त्यांनीच आणायचा आणि सभागृहाच्या जागी मंजूरही त्यांनीच करायचा. एवढ्या श्रीमंत महापालिकेचं अंदाजपत्रक वर्षामागून वर्ष लोकांच्या एकाही प्रतिनिधीच्या मताशिवाय संमत होत गेलं. आणि मला? खरं सांगायचं तर काही चुकल्यासारखं वाटलंच नाही. नळाला पाणी होतं, कचऱ्याची गाडी येत होती. दिल्लीत काय चाललंय यावर मी तावातावाने वाद घालतो. मग माझ्याच वॉर्डाचा आवाज बंद असल्याचं मला का खुपलं नाही?

याचं उत्तर शोधताना नगरसेवकाचं कार्यालय आठवतं. बाहेर बाकावर माणसं बसलेली. कुणाच्या हातात मृत्यूच्या दाखल्याची कागदपत्रं. एका बाईंच्या पिशवीत गढूळ पाण्याची बाटली, साहेबांना दाखवायला आणलेली. माझ्या हातात सोसायटीच्या लेटरहेडवरचा अर्ज, पेव्हर ब्लॉक बसवून मिळावेत म्हणून. कार्यकर्त्याने मला आधी आत सोडलं, कारण सोसायटी म्हणजे गठ्ठा मतं. मी गेलो. त्या बाई बसूनच राहिल्या. मला तेव्हा टोचलं का? नाही. आपलं वजन आहे, याचं बरंच वाटलं. पाणी त्यांचं गढूळ होतं, ब्लॉक माझे होते, आणि माझा नंबर आधी लागला.

आणि तरीही नगरसेवकांचा विषय निघाला की मृणाल गोऱ्यांबद्दल मी नेहमी आदराने बोलतो. वैद्यकीय शिक्षण सोडून त्या समाजकार्यात आल्या. १९५८ मध्ये पती केशव गोरे गेले, तरी काम थांबलं नाही. १९६१ मध्ये गोरेगावातून त्या महापालिकेत निवडून आल्या. तिथे पाण्यासाठी अशा भांडल्या की लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’च म्हणू लागले. पुढे १९७२ मध्ये विधानसभा, १९७७ मध्ये लोकसभा. नगरसेवकपदापासून सुरू झालेली कारकीर्द किती उंच जाऊ शकते, याचं उदाहरण म्हणून मी हे नाव घेतो.

पण त्या आज माझ्या वॉर्डात उभ्या राहिल्या असत्या तर? त्यांनी आधी त्या बाटलीवाल्या बाईंना आत बोलावलं असतं. माझा अर्ज खाली गेला असता. हंडे घेतलेल्या बायकांचा मोर्चा माझ्या रस्त्यावर आला असता आणि गाडीत अडकलेला मी चरफडलो असतो. पुढच्या खेपेला मत दिलं असतं का मी त्यांना? ‘आपल्यासाठी काय केलं?’ हाच प्रश्न सोसायटीच्या मीटिंगमध्ये निघाला असता, आणि बहुधा मीच तो विचारला असता.

नगरसेवक टक्केवारी घेतात, तिकिटासाठी पक्ष बदलतात, हे आपण बोलतो आणि ते खोटं नाही. त्याची माफीही नाही. पण सभागृहात अभ्यास करून बोलणाऱ्या माणसाला त्या कष्टाचं एक तरी मत माझ्याकडून मिळालं आहे का? मी ब्लॉक मागितले, नगरसेवकाने ब्लॉक दिले. आमच्यातला व्यवहार एवढाच. तो नसताना मला उणीव भासली नाही, कारण त्या मधल्या काळात माझं कुठलं काम अडलं नव्हतं. ज्यांचं अडलं होतं त्यांनी कुणाकडे जायचं, हा प्रश्न मला आज पडतो आहे. उशिराच.

आता नगरसेवक पुन्हा आले आहेत. या वेळी त्यांच्याकडे अर्ज न घेता जायचं आणि विचारायचं, की अंदाजपत्रकावर तुम्ही काय बोललात, वस्तीतल्या पाण्याबद्दल काय मागितलंत. तुम्हीही आपापल्या वॉर्डात एवढं विचाराल का?