घडणे आणि घडविणे : तंजावरच्या निमित्ताने

मराठीत 'घडणे' आणि 'घडविणे' ही दोन क्रियापदे एकमेकांना खेटून उभी आहेत. कुंभार मडके घडवितो, पाथरवट मूर्ती घडवितो. माणूस मात्र घडतो, असेही आपण म्हणतो आणि त्याला कोणी तरी घडविले, असेही म्हणतो. मडक्याच्या बाबतीत या दोन क्रियांमध्ये फारसे अंतर नसते. मातीला स्वतःचा हेतू नसतो, त्यामुळे कुंभाराच्या हेतूशी तिचा विरोध संभवत नाही. मुलाच्या बाबतीत मात्र हे अंतरच सर्व नीतिविचाराचे मूळ ठरते. दहा वर्षांच्या मुलाला आपण एखाद्या कौशल्यात घडवू लागतो, तेव्हा त्याच्या वतीने त्याच्या पुढच्या आयुष्याचा निर्णय घेत असतो. त्याची संमती घ्यावी, तर संमती देण्याइतका तो अजून घडलेला नसतो. आणि तो घडेपर्यंत थांबावे, तर कौशल्य शिकण्याचे वय निघून जाते. हा पेच प्रत्येक आईबापांपुढे व प्रत्येक गुरूपुढे असतो. पण जेथे घडविणे हाच एका संस्थेचा व्यवसाय होतो, तेथे तो अधिक उघडा पडतो.

व्यावसायिक फुटबॉल क्लबांच्या बालखेळाडूंसाठीच्या अकादमी हे अशा संस्थांचे आजचे ठळक उदाहरण होय. बार्सिलोना क्लबाने १९७९ साली 'ला मासिया' या जुन्या शेतघरात मुलांचे वसतिगृह उघडले; आपल्याकडे जमशेदपूरला टाटा फुटबॉल अकादमी १९८७ मध्ये सुरू झाली. तपशील वेगळे असले तरी या संस्थांची रीत साधारणपणे सारखी असते. शोधक गावोगावचे सामने पाहतात, चाचण्या होतात, निवडक मुले घेतली जातात. मग त्यांची शाळा, आहार, झोप, व्यायाम आणि सराव यांची एकच घडी बसविली जाते. ठरावीक मुदतीनंतर पुन्हा निवड होते आणि काही मुलांना घरी जाण्यास सांगण्यात येते. हा गाळणीचा क्रम वर्षानुवर्षे चालतो. शेवटी पहिल्या संघात पोचणारे फार थोडे असतात, ही गोष्ट संस्थेला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. मुलाला ती तितकीशी ठाऊक नसते.

ही गाळणी केवळ गुणांचीच असती, तरी प्रश्न सुटला नसता. पण ती तशीही नाही. ज्या तारखेपासून वयोगट मोजला जातो, तिच्या लगतच्या महिन्यांत जन्मलेली मुले अकादमींमध्ये अधिक आढळतात आणि वर्षाच्या अखेरीस जन्मलेली कमी, असे अनेक देशांतील अभ्यासांतून वारंवार दिसून आले आहे. नऊ-दहा वर्षांच्या वयात आठ-दहा महिन्यांचा फरक म्हणजे उंचीचा, ताकदीचा आणि आत्मविश्वासाचा फरक. ज्याला आपण प्रतिभेची पारख म्हणतो, तिच्यात पंचांगाचाही हात असतो. निवड झालेल्याला उत्तम प्रशिक्षण मिळते, त्यामुळे तो पुढे खरोखरच सरस ठरतो, आणि मग मूळची निवड अचूक होती, असा सर्वांचाच समज होतो.

या व्यवस्थेचा एक हिशेबही आहे. आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाने २००१ पासून लागू केलेल्या नियमांनुसार एखादा खेळाडू कराराच्या मुदतीत एका क्लबातून दुसऱ्या क्लबात मोबदल्यावर गेला, तर त्या रकमेतील पाच टक्के वाटा त्याला वयाच्या बाराव्यापासून तेविसाव्या वर्षापर्यंत ज्यांनी शिकविले, त्या क्लबांमध्ये वाटला जातो. बारा ते पंधरा या वयातील प्रत्येक वर्षासाठी पाव टक्का आणि त्यानंतरच्या प्रत्येक वर्षासाठी अर्धा टक्का असे त्याचे प्रमाण आहे. नियमामागची भावना न्यायाची आहे, हे मान्य केले पाहिजे. एरवी दुर्लक्षित राहिलेल्या छोट्या क्लबांच्या कष्टांची कोठे तरी नोंद होते. तथापि या वहीत केवळ यशस्वी झालेल्या मुलाचे बालपण जमेस धरलेले आहे. जो मुलगा सोळाव्या वर्षी गाळला गेला, त्याच्या बाराव्या, तेराव्या, चौदाव्या वर्षाचा पाव टक्का कोणी कोणाला द्यावयाचा? ती वर्षेही तितक्याच पहाटेपासून सुरू झालेली होती. माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये, हे कांटचे सूत्र आपण पाठ्यपुस्तकांतून शिकवितो. येथे त्याची कसोटी गाळलेल्या मुलापाशी लागते. कारण यशस्वी मुलाच्या बाबतीत साधन आणि साध्य यांची सोयीस्कर गाठ पडलेली असते.

तेव्हा प्रश्न असा की, ज्या खेळासाठी घडविले तो खेळ खेळायलाच मिळाला नाही, तर त्या घडविण्याचे काय उरते? मराठी वाचकाने या प्रश्नासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. कावेरीच्या काठी तंजावरला, व्यंकोजीराजांच्या वंशात, हा प्रश्न एका मुलाच्या आयुष्यात संपूर्णपणे मांडला गेला आहे.

तुळजाराजांना वारस उरला नव्हता. १७८७ साली त्यांनी भोसल्यांच्याच एका शाखेतील नऊ-दहा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला, त्याचे नाव सरफोजी ठेवले आणि ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याला त्याच्यावर लक्ष ठेवण्याची विनंती केली. त्याच वर्षी तुळजाराजे वारले. गादीवर त्यांचे सावत्र भाऊ अमरसिंह आले आणि मुलाचे दिवस नजरकैदेत जाऊ लागले. श्वार्ट्झच्या खटपटीने १७९३ मध्ये त्याला मद्रासला हलविण्यात आले. तेथे त्याचे शिक्षण नीट सुरू झाले. हे शिक्षण अर्थातच राज्य करण्यासाठी होते. १७९८ मध्ये सरफोजीला गादी मिळाली. पुढच्याच वर्षी, १७९९ च्या ऑक्टोबरात झालेल्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजाच्या हाती किल्ला, वर्षाला एक लाख होन आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा एवढे राहिले. बारा वर्षे ज्या खेळाची तयारी झाली, त्याचे मैदान सव्वा वर्षात पायाखालून काढून घेण्यात आले. तेव्हा त्याचे वय बावीस होते; फुटबॉलच्या अकादमीतून बाहेर पडून मुले पहिल्या संघाची वाट पाहतात, साधारण त्याच वयाचा तो होता.

त्यानंतरची बत्तीस वर्षे सरफोजीराजांनी काय केले, हा इतिहास परिचित आहे. पण आपल्या प्रश्नाच्या संदर्भात तो पुन्हा वाचण्यासारखा आहे. त्यांनी सरस्वती महालाचा हस्तलिखित-संग्रह अपार वाढविला. राजवाड्यात देवनागरी मुद्रणालय काढले आणि तेथून १८०६ मध्ये 'बालबोध मुक्तावली' हे इसापच्या गोष्टींचे मराठी पुस्तक छापून घेतले. बृहदीश्वराच्या मंदिरात १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला. धन्वंतरी महालात वैद्यकाचे प्रयोग चालविले. नेत्ररुग्णांच्या चित्रांसह नोंदी ठेवल्या. शाळा काढल्या. 'देवेंद्र कुरवंजी' या मराठी नृत्यनाट्यात तर त्यांनी जगाचा भूगोल गाण्यात बसविला. राज्य गेल्यामुळे आलेल्या विरंगुळ्याचे हे उद्योग होते, असे म्हणून ते बाजूला सारता येतील. पण विरंगुळा अनेक राजांना मिळाला होता. त्याचे काय करावयाचे, हे ज्याच्या त्याच्या शिक्षणावर अवलंबून राहिले. सरफोजीला दिलेली भाषा, जिज्ञासा, निरीक्षण आणि नोंद करण्याची शिस्त ही सिंहासनाला जखडलेली नव्हती. सिंहासन गेले तेव्हा ती त्याच्याबरोबर राहिली.

या प्रकरणात आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. श्वार्ट्झ धर्मप्रसारक होता. शिष्य मात्र अखेरपर्यंत आपल्या धर्मात राहिला, मंदिरांना देणग्या देत राहिला, १८२० मध्ये काशीयात्रेला निघाला. आणि त्याच शिष्याने फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून गुरूचे संगमरवरी स्मारक घडवून घेऊन तंजावरच्या चर्चमध्ये बसविले. गुरूला प्रिय असलेले सारे काही शिष्याने स्वीकारले नाही, तरीही ऋण मानले. घडविणाऱ्याच्या हेतूबाहेर जाण्याची मोकळीक शिष्याला राहिली, म्हणूनच ते ऋण मनापासूनचे झाले, असे मला वाटते.

यावर सरळ आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. लाख होनांची नेमणूक असलेल्या राजाचे अपयश आणि गिरणगावातल्या किंवा सालसेतच्या एखाद्या मुलाचे अपयश यांची तुलना कशी करावी? म्हणूनच तंजावरच्या त्याच दरबारातील दुसरे प्रशिक्षण पाहिले पाहिजे. सरफोजीराजांच्या आणि त्यांचे पुत्र शिवाजीराजांच्या काळात पोन्नय्या, चिन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू या चार भावांनी नृत्याच्या शिक्षणाला निश्चित क्रम दिला. मूळ पदन्यासांचे अडवू आधी, मग अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंत चढत जाणारी कार्यक्रमाची रचना. आजचे भरतनाट्यम् याच क्रमावर उभे आहे. प्रशिक्षणाची पद्धत म्हणून जगातील कोणत्याही अकादमीला हेवा वाटावा, इतके ते शास्त्रशुद्ध होते. पण ज्या मुली हे शिकत, त्या देवाला वाहिलेल्या घराण्यांतील असत आणि त्यांची निवड त्यांच्या जन्मानेच झालेली असे. बालसरस्वती (१९१८–१९८४) यांचे घराणे तंजावर दरबाराशी नाते सांगणारे. या चार भावांच्याच वंशातील कंदप्पा पिळ्ळै त्यांचे गुरू. वयाच्या सातव्या वर्षी, १९२५ मध्ये, कांचीपुरमला देवळात त्यांचे पहिले नृत्य झाले.

१८५५ मध्ये शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि तंजावरचे नामधारी राज्यही संपले. चार भावांपैकी चिन्नय्या म्हैसूरला आणि वडिवेलू त्रावणकोरला त्यापूर्वीच राजाश्रयाला गेलेले होते. गुरूंची विद्या त्यांच्याबरोबर प्रवास करू शकली. नर्तकींच्या बाबतीत असे म्हणता येत नाही. पुढे देवाला मुली वाहण्याच्या प्रथेला विरोध वाढला आणि मद्रास प्रांतात १९४७ च्या कायद्याने ती बंद झाली. ते होणे आवश्यकच होते. पण त्याच सुमारास हे नृत्य प्रतिष्ठित घरांतील मुलींच्या शिक्षणाचा विषय बनले आणि ज्यांच्या शरीरात ते पिढ्यान्पिढ्या जपले गेले, त्यांपैकी बहुतेकींच्या हातून रंगमंच गेला. बालसरस्वतींसारखी एखादी कलावती जगभर वंदनीय झाली. इतर जणींना दुसरे कोणते दार उघडे नव्हते, कारण त्यांना घडवितानाच एक सोडून सारी दारे बंद करण्यात आली होती. कलेची थोरवी कितीही मोठी असली, तरी तिच्यावरून त्या मुलींच्या बालपणाचा हिशेब चुकता झाला, असे ठरत नाही. कला टिकली, हे कलेचे यश होय. मुलीला न्याय मिळाला काय, हा वेगळा प्रश्न आहे.

एकाच किल्ल्याच्या आश्रयाने झालेली ही दोन प्रशिक्षणे शेजारी ठेवली म्हणजे फुटबॉलच्या अकादमीकडे पाहण्याची दृष्टी बदलते. मैदान जाणे हा तेथे अपवाद नाही. आपल्याच महाराष्ट्रात मुंबईचा महिंद्र युनायटेड हा राष्ट्रीय साखळी जिंकलेला संघ २०१० मध्ये बंद करण्यात आला. पुणे एफसी २००७ मध्ये निघाला, त्याने मुलांची अकादमीही चालविली, आणि काही वर्षांतच तो व्यावसायिक फुटबॉलमधून दूर झाला. त्यानंतरचा एफसी पुणे सिटी २०१४ ते २०१९ एवढाच टिकला. मालकांचे निर्णय आर्थिक होते आणि त्यांना ते घेण्याचा अधिकारही होता. पण या क्लबांच्या नावाचा सदरा घालून सराव करणाऱ्या कुमारांच्या दृष्टीने ते १७९९ सालच होते. संस्था कितीही सद्हेतूने चाललेली असो, मुलाला घडविण्यास जितकी वर्षे लागतात, तितकी वर्षे ती स्वतः जगेल याची हमी तिला देता येत नाही. मग ज्याची हमी देता येत नाही, त्याच एका गोष्टीसाठी मुलाला घडविण्याचा तिला अधिकार कोणता?

येथे उत्कृष्टतेचा पक्षही ऐकला पाहिजे. एकाग्रतेवाचून कोणतीच विद्या वश होत नाही. रोझारियोहून तेराव्या वर्षी बार्सिलोनाला आलेला मेस्सी हा त्याग, विरह आणि अखंड सराव यांच्याशिवाय मेस्सी झाला नसता. प्रत्येक मुलाला सगळीच दारे उघडी ठेवावयाची म्हटले, तर एकाही दारातून तो आत जाणार नाही. हे म्हणणे खोटे नाही. किंबहुना कठोर साधनेपासून मुलाला वंचित ठेवणे हाही एक अन्याय ठरू शकतो. सुरुवातीला शिस्त लावणारा कोणी भेटलाच नाही, म्हणून वाया गेलेले गुण आपण सर्वत्र पाहतो. म्हणून साधनेच्या कठोरपणावर माझा रोख नाही. तिच्यातून मुलाला काय घेऊन जाता येते, यावर आहे.

चेंडू येण्यापूर्वी मान वळवून मैदान वाचणे, सहकाऱ्यासाठी जागा मोकळी करणे, हरल्यानंतर दुसऱ्या दिवशी सरावाला येणे, आपली चूक कोठे झाली हे शब्दांत सांगता येणे, या गोष्टी मुलाला समजावून दिल्या, तर त्या त्याच्या होतात आणि मैदानाबाहेरही त्याच्याबरोबर चालतात. त्याच गोष्टी केवळ हुकुमाने करवून घेतल्या, तर त्या क्लबाच्या राहतात आणि निरोपाच्या दिवशी सदऱ्याबरोबर परत कराव्या लागतात. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सराव एकसारखेच दिसतील. पहिल्यात मुलगा घडतो, दुसऱ्यात तो घडविला जातो. त्याबरोबर पाठ्यशिक्षण खरे असले पाहिजे, नावापुरते नव्हे. किती जणांना पुढे संधी मिळते, हे आईबापांना आणि समजण्याच्या वयात मुलालाही स्पष्ट सांगितले पाहिजे. आणि ज्याला घरी पाठविले, तो पुढे काय करतो याची विचारपूस संस्थेने काही वर्षे तरी ठेवली पाहिजे. या अपेक्षा फार मोठ्या नाहीत. पण त्यांना वहीत स्थान नाही, म्हणून त्या कोणाच्याच कर्तव्यात बसत नाहीत.

अकादमीच्या भिंतीवर सामान्यतः मोठ्या संघांत पोचलेल्यांची नावे आणि छायाचित्रे असतात. ती असावीत, मुलांना ध्येय लागते. मात्र संस्थेचे मूल्यमापन त्या भिंतीवरून करता येणार नाही, कारण तेथे तिचे भाग्य आणि मुलांचे भाग्य यांची सरमिसळ झालेली असते. ज्यांचे छायाचित्र कधीच लागणार नाही, त्या मुलांपैकी कोणी शिक्षक, कोणी कारागीर, कोणी दुकानदार होईल. त्यांच्या हातापायांत आणि विचारांत त्या वर्षांचे काही चांगले उरले आहे काय, हे तेथेच जाऊन पाहावे लागेल. राज्य न करता राहिलेल्या एका राजाने जमविलेला ग्रंथसंग्रह १९१८ पासून सर्वांसाठी खुला आहे. तंजावरला आजही कोणीही जाऊन तो पाहू शकतो.