आधी निर्णय, मग नाव

सकाळी चहाबरोबर पेपर उघडला की नजर आधी एकाच गोष्टीवर जाते. निर्णय घेतला कोणी? नाव आपल्या बाजूचं असलं की बातमी संपायच्या आत मान डोलते. दुसऱ्या बाजूचं असलं की कपाळाला आठी पडते. तो निर्णय कोणाच्या दारात पोचणार, पैसा कुठून येणार, हे वाचायचं राहूनच जातं. यात खोटेपणा नसतो. मनाला घाई असते आणि नाव वाचणं सगळ्यांत सोपं असतं.

जीएसटीचंच पाहा. 2011 साली त्यासाठीचं घटनादुरुस्ती विधेयक संसदेत आणलं ते काँग्रेसच्या नेतृत्वाखालच्या सरकारने. तेव्हा भाजपची काही राज्य सरकारं विरोधात होती. 1 जुलै 2017 पासून कर लागू केला तो भाजपच्या नेतृत्वाखालच्या सरकारने, आणि टीका करायची पाळी काँग्रेसवर आली. मधल्या काळात तपशील बदलले होते, हे खरं. पण तपशील न वाचताच आपल्यातल्या किती जणांनी मत बदललं?

आपल्या महाराष्ट्राने याहून चांगलं करून दाखवलं आहे. खेड्यात अंगमेहनतीला तयार असलेल्या माणसाला सरकारने काम दिलंच पाहिजे, ही कल्पना मांडली काँग्रेसच्या वि. स. पागे यांनी. 1972 च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला गेली तेव्हा तिची निकड सगळ्यांना कळली. कामाच्या हक्कासाठी समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्षाचे लोक रस्त्यावर उतरले. कल्पना काँग्रेसवाल्याची आहे म्हणून कोणी ती टाकून दिली नाही. 1977 साली रोजगार हमी कायदा एकमताने मंजूर झाला. 26 जानेवारी 1979 ला तो अमलात आला, तोवर राज्यातलं सरकार बदललं होतं. तरी योजना राहिली. तिच्यासाठी 1975 साली बसवलेला व्यवसाय कर आजही आपल्या पगाराच्या पावतीवर दिसतो. पुढे 2005 साली देशाने असाच कायदा केला. मला या राज्याचा सर्वांत जास्त अभिमान वाटतो तो या गोष्टीसाठी.

विचारसरणी सोडायची गरज नाही. माणसाला ती असावीच. आपल्याला कशाची चाड आहे, ते तिच्यामुळे कळतं. फक्त समोर काय घडलं आहे, ते तिला विचारू नये. त्यासाठी एक साधी सवय लावता येते. बातमीतल्या नावावर बोट ठेवायचं आणि निर्णय तेवढा वाचायचा. मत बनलं की तिथे मनाने दुसऱ्या पक्षाचं नाव घालून पाहायचं. मत टिकलं तर ते खुशाल चारचौघांत मांडावं. डळमळलं तर बातमी पुन्हा वाचावी. आज कामावर निघायच्या आधी एक तरी बातमी अशी वाचून बघा.