हक्कसोड

"काका, यंदा आलात की तेवढं हक्कसोडीचं उरकून टाकू," असं पुतण्या फोनवर म्हणाला, तेव्हा मला बरं वाटलं. का बरं वाटलं, ते सांगायला आज लाज वाटते. ओहायोतल्या घरात बसून मी मनाशी म्हणालो, चला, भावासाठी काहीतरी मोठं करायला मिळतंय.

माण तालुक्यातली आमची जमीन सात एकर. आम्ही दोघेच भाऊ, म्हणजे माझी साडेतीन. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याला इथं शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारशानं आलेली ठेवता येते. म्हणून आई गेल्यावर सातबाऱ्यावर दादाच्या नावाखाली माझंही नाव लागलं. सोसायटीचं कर्ज असो की ठिबकचा अर्ज, पुतण्याला माझी सही लागायची. कागद जाऊन येईपर्यंत कधीकधी हंगाम निघून जायचा.

तर मी देणाऱ्याच्या थाटात गावी आलो. आणि दादा म्हणाला, "सही करायची न्हाई."

दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. 1972 च्या दुष्काळात मी कराडला इंजिनिअरिंग शिकत होतो आणि तो नि आई पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होते. रेशनवर लाल मिलो मिळायची. ती अमेरिकेची आहे म्हणायचे. तिची भाकरी थापताना फाटायची. अमेरिका आमच्या घरात पहिल्यांदा आली ती अशी. त्या खडीच्या मजुरीतून दादा माझ्या मेसचे पैसे भरायचा.

1977 साली मी तिकडं गेलो. पहिल्या नोकरीपासून महिन्याला पन्नास डॉलरचा ड्राफ्ट पाठवू लागलो. तेव्हा डॉलर आठ-सव्वाआठ रुपयांचा. त्यातून पुढं विहीर झाली, मोटार बसली, घराला स्लॅब पडला. 2003 मध्ये आईला अर्धांगवायू झाला आणि ती सहा वर्षं अंथरुणाला खिळली. औषधांचे पैसे मी पाठवायचो. चाकाची खुर्चीही मीच घेऊन दिली. ती गेली तेव्हा रजा, विमान, पुण्याहून गाडी असं करत पोचायला चौथा दिवस उजाडला. सावडून झालं होतं.

इतकी वर्षं माझ्या मनात एक हिशेब होता. माझ्याकडून पैसा, दादाकडून सेवा. फिट्टंफाट. वर आता साडेतीन एकर सोडतोय, म्हणजे माझंच थोडं जास्त. त्या संध्याकाळी ओसरीवर मी हे अगदी असंच नाही, पण आडून बोललो. दादानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुज्या पैशानं हीर झाली, न्हाई कोण म्हनतंय? पण रातच्याला आईला घोटभर पाणी पाजायला हीर उठत न्हाई."

मला झोप लागली नाही. मी गेलो याचा पश्चात्ताप मी करणार नाही. गेलो नसतो तर विहीर झाली नसती, औषधालाही कर्ज काढावं लागलं असतं. आणि गेलो ते चुकलं म्हटलं तर दादानं फोडलेली खडीही वाया गेली म्हणावं लागेल. पण किती द्यायचं आणि कधी द्यायचं, हे मी ठरवत होतो. एखाद्या महिन्यात ओढाताण झाली तर ड्राफ्ट पुढच्या महिन्यात जायचा. दादाला आणि वहिनीला ती सोय नव्हती. आईनं हाक मारली की उठायचं, रात्री तीन वेळा मारली तर तीन वेळा. मी माझ्या उरलेल्यातून देत होतो. त्यांच्याकडे उरतच नव्हतं. या दोन गोष्टी एका तराजूत घालून मी वजन करत बसलो होतो.

हे कळायला मला माझं म्हातारपण यावं लागलं. बायको जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी कॅलिफोर्नियात असते. दर रविवारी फोन करते, बर्फ पडला की तिथूनच पैसे भरून दारासमोरचा बर्फ काढायला माणूस पाठवते. ती काही कमी करत नाही. असंच करतात, हे ती माझ्याकडूनच शिकली. पण रात्री दोनला जाग येते, घरात हीटरचा तेवढा आवाज असतो. तेव्हा वाटतं, माझा ड्राफ्ट हातात आला की आईला काय वाटत असेल? आनंद होत असेलच. पण तेवढंच वाटत असेल का?

सकाळी दादाला विचारलं, "सही का नको?"

"नाव हाय तवर तुला यावं लागतंय," तो म्हणाला. "फिटलं म्हंजी तुटलं."

पुतण्या दारात उभा होता. "आबा, तुमच्या मायेपायी माझा हंगाम जातो त्याचं काय?"

दोघांचंही खरं होतं. पण जो राबतो त्याच्या वाटेत एका गैरहजर माणसाचं नाव उभं असू नये, असं मला वाटलं. तालुक्याला जाऊन मी सही केली. दान केल्यासारखं वाटलं नाही. जे कधीचंच त्यांचं झालं होतं त्यावरून माझं नाव निघालं, इतकंच. दादाचं देणं त्यातून फिटलेलं नाही, आणि आता ते फेडून मोकळं व्हावं असंही वाटत नाही.

परत येताना दादा गाडीत गप्प होता. घर आल्यावर म्हणाला, "शाळू हुरड्यात येईल तवा ये. तिकीट आत्ताच काढ, मागनं महाग हुतंय."

काढलं. या वेळी दोन आठवड्यांचं नाही, दोन महिन्यांचं. दादाचे गुडघे गेलेत, रात्री उठताना त्याला हात द्यायला कुणीतरी लागतं.