शेवग्यावरची उम्मत

पावसाळ्यात रत्नागिरीच्या परसांत शेवग्याच्या खोडावर केसाळ सुरवंट एकमेकांना चिकटून बसतात. अंगाला घासले की खाज, चट्टे. म्हणून आम्ही काठीला चिंध्या गुंडाळतो आणि खोडावरून पेटता पलिता फिरवतो. शेतीची पुस्तकेही हा उपाय सांगतात. झाड वाचवणे गैर नाही; सुरवंट राहू दिले तर शेवगा ओकाबोका होतो.

पण बुखारी शरीफमधली एक हदीस आम्हांला अडवते. एका पैगंबरांना मुंगी चावली, तेव्हा त्यांनी मुंग्यांचे वारूळच जाळायला लावले. अल्लाहने जाब विचारला, की एक चावली म्हणून तसबीह करणारी अख्खी उम्मत जाळलीत? जो शब्द आपण स्वतःसाठी राखून ठेवतो, तोच इथे मुंग्यांना लावला आहे!

सुरवंट तर चावतही नाही. घोळका हे त्याचे संरक्षण, आणि घोळक्यामुळेच तो पलित्याला सापडतो. विखुरलेला असता तर आग घेऊन एकेकाला शोधत कोण फिरले असते? एकाचा दोष सगळ्यांच्या माथी मारला जातो तो न्याय म्हणून नव्हे, सगळे एका जागी सापडतात म्हणून. १९९२-९३च्या मुंबईत ज्यांचे नातलग होते, त्या कोकणी मुस्लिम घरांना हे समजावून सांगावे लागत नाही.

पावसाबरोबर येणारा चातकही केसाळ सुरवंट खातो, पण एकेक टिपून, भुकेपुरते. माणसालाही ते काठीने खरवडून साबणाच्या पाण्यात पाडता येतात. त्यात वेळ जातो, जवळ जावे लागते, आणि किती मारले ते दिसते.