उत्तर कोणी द्यायचे?

संत पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातील पंधरावे वचन आपल्या धर्मग्रामांत पुष्कळदा ऐकवले जाते. युवकांच्या मेळाव्यात, मिशन रविवारच्या प्रवचनात, प्रार्थनागटांच्या शिबिरात त्याचा आधार घेतला जातो आणि ऐकणाऱ्याच्या मनावर एवढेच ठसते, की ख्रिस्ती माणसाने सदैव सज्ज असावे. सज्ज कशासाठी? बोलण्यासाठी, सांगण्यासाठी, पटवण्यासाठी, असे आपण गृहीत धरतो. मूळ वचन शांतपणे वाचले, तर त्यात निराळे काही आढळते. तेथे प्रश्न आधी आहे आणि उत्तर मागाहून. तुमच्या ठायी जी आशा आहे तिचे कारण कोणी विचारलेच, तर त्याला उत्तर देता आले पाहिजे आणि ते सौम्यपणे व आदर राखून दिले पाहिजे, असा त्या वचनाचा आशय आहे. वचनाचा हा उत्तरार्ध आपल्या कानांवरून निसटून जातो.

हे पत्र ज्यांना लिहिले, ते पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया आणि बिथुनिया या प्रांतांत विखुरलेले लोक होते. समाजात परके आणि शेजाऱ्यांच्या संशयाचे धनी झालेले. 'उत्तर' या अर्थी तेथे जो ग्रीक शब्द आला आहे, तो 'अपोलोगिया'. न्यायसभेत उभे राहून आपल्यावरील आरोपाला दिलेल्या उत्तरालाही तोच शब्द वापरीत. व्यासपीठावरील वक्त्याचा तो शब्द नव्हे. पेत्राच्या डोळ्यांसमोरचा ख्रिस्ती माणूस कोणाच्या दाराची कडी वाजवीत हिंडणारा नाही; ज्याच्या जगण्याकडे पाहून दुसऱ्याला प्रश्न पडला आहे, असा तो आहे. प्रश्न पडावा असे काही त्याच्या जगण्यात आहे, हे पेत्राने गृहीतच धरले आहे. या वचनाचा बोचरा भाग आम्हांला तरी तो वाटतो.

योहानाच्या शुभवर्तमानातील नवव्या अध्यायात एक कुटुंब आहे. जन्मांध मुलाला येशूने दृष्टी दिली. दिवस शब्बाथाचा होता, म्हणून चौकशी सुरू झाली. परुशांनी त्याच्या आईवडिलांना बोलावले. हा आमचाच मुलगा, तो जन्मापासून आंधळा होता, एवढे त्यांनी मान्य केले. त्याला आता कसे दिसू लागले ते आम्हांला ठाऊक नाही, तो वयात आलेला आहे, त्यालाच विचारा, असे सांगून ते मोकळे झाले. ते भ्याले होते, सभास्थानातून आपल्याला बहिष्कृत करतील अशी त्यांना धास्ती होती, असे शुभवर्तमानकार स्वच्छ नमूद करतो. मुलाचे मात्र तसे नाही. येशू पापी आहे की नाही, या वादात तो शिरत नाही. आपण आंधळे होतो आणि आता आपल्याला दिसते, एवढी एकच गोष्ट आपल्याला ठाऊक आहे, असे तो सांगतो. त्याच्या उत्तरांचा क्रम पाहण्यासारखा आहे. प्रथम तो येशूला नुसता 'येशू नावाचा माणूस' समजतो, मग संदेष्टा, मग देवाकडून आलेला, आणि शेवटी तो त्याच्यापुढे लीन होतो. लोक त्याला विचारीत गेले आणि उत्तरे देता देता त्याला स्वतःला उमगत गेले. चौकशीला बसण्यापूर्वी त्याची श्रद्धा तयार नव्हती, ती तेथे घडली. आईवडिलांनी ती संधी मुलाकडे ढकलली आणि पुढच्या कथेत त्यांचे नाव नाही.

आपण बहुतेक जण त्या आईवडिलांच्या वंशातले आहोत. आपला ठरलेला शब्द आहे, 'फादरांना विचारा.' श्रद्धेविषयी बोलण्याचे काम आपण धर्मगुरूंना आणि धर्मभगिनींना जणू मक्त्याने दिले आहे. राखेच्या बुधवारी सकाळची मिस्सा आटोपून आपली माणसे चर्चगेटची गाडी पकडतात. कपाळावर राखेची खूण असते. रोजच्या गटातला एखादा सहप्रवासी विचारतो, "आज कपाळाला काय लावलंय?" आणि आपण म्हणतो, "काही नाही, आमचा सण आहे." मग हळूच रुमाल कपाळावरून फिरतो. सण! वर्षातल्या सर्वांत उपाशी दिवसाला आपण सण म्हणून बसतो. विचारणारा कदाचित अशा घरातून आलेला असतो, जेथे विभूती लावण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे; राख म्हणजे काय, हे त्याला नव्याने शिकवावे लागत नाही. आपण मातीचे आहोत याची आज आठवण करायची, पुढचे चाळीस दिवस उपवास, प्रार्थना आणि दानधर्म करून देवाकडे वळायचे, कारण सगळे मातीतच संपते असे आम्ही मानीत नाही. एवढे सांगायला दादर ते प्रभादेवी हे अंतर पुरते.

असे का होते? संकोच हे एक कारण. अनेक धर्मांच्या शेजारात वाढलेल्या माणसाला आपल्या देवाविषयी बोलणे म्हणजे दुसऱ्याच्या देवाला कमी लेखणे वाटते, आणि ही मर्यादा आपल्या संस्कृतीने शिकवलेली चांगली गोष्ट आहे. दुसरे कारण भीती. ती निराधार आहे, असे आम्ही म्हणणार नाही. 'धर्मांतर' हा शब्द आज साध्या संभाषणातही संशय घेऊन येतो. ओरिसात 1967 साली आणि मध्य प्रदेशात 1968 साली याविषयी कायदे झाले, पुढे इतर राज्यांतही झाले. राज्यघटनेच्या 25व्या कलमात धर्म मानणे व आचरणे यांच्या जोडीला त्याचा प्रसार करण्याचेही स्वातंत्र्य आहे. प्रसाराच्या त्या शब्दावर संविधान सभेत डिसेंबर 1948 मध्ये बराच खल झाला आणि तो कायम राहिला. 1977 साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा अर्थ लावला, की आपल्या धर्माची तत्त्वे उलगडून सांगणे हा हक्क आहे. दुसऱ्याचे धर्मांतर घडवणे हा हक्क नाही. या निकालावर टीका झाली आहे आणि ती सगळीच गैरवाजवी नाही. तथापि विचारणाऱ्याला प्रामाणिक उत्तर देणाऱ्याने त्या निकालाने हबकून जावे, असे त्यात काय आहे? श्रद्धा ही देवाची देणगी आहे, असे आपलाच धर्म सांगतो. ती दुसऱ्याच्या अंतःकरणात घालण्याचे सामर्थ्य आपल्याकडे कधी नव्हतेच.

तिसरे कारण आम्हांला अधिक खरे वाटते, आणि ते बोलायला अवघड आहे. आपल्या आशेचे कारण आपण स्वतःला कधी विचारलेलेच नाही.

त्याआधी 'संधी' या शब्दाविषयी थोडे बोलावे लागेल. आपल्या भाषेने या शब्दाला 'संधिसाधू' नावाचे एक भावंड दिले आहे, आणि दोघांत अंतर फार थोडे. इस्पितळात खाटेवर पडलेला मनुष्य, मुलीच्या शिक्षणाचे शुल्क कसे भरावे या विवंचनेतली विधवा, पुराने घर वाहून गेलेले कुटुंब, यांची असहायता म्हणजे आपली संधी काय? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 7 डिसेंबर 1965 रोजी धर्मस्वातंत्र्यावर जो जाहीरनामा प्रसृत केला, त्यात याचे उत्तर आहे. श्रद्धेच्या प्रसारात सक्तीची छटासुद्धा असू नये, मन वळवण्याचा कोणताही हीन मार्ग असू नये, विशेषतः समोरचा गरीब वा अशिक्षित असेल तेव्हा, असे परिषद बजावते. दुःखात माणूस खरोखरच देवाविषयी विचारतो, हेही तितकेच खरे; त्या वेळी तोंड फिरवणे हा काही आदर नव्हे. पण उत्तर ऐकून तो उद्या आपल्याकडे फिरकला नाही, तरी परवा त्याच्या खाटेपाशी आपण तितक्याच आस्थेने पेज घेऊन जाणार आहोत का? याचे उत्तर होकारार्थी असेल तरच तोंड उघडावे. नसेल, तर नुसती पेज द्यावी. ती पुरेशी आहे.

यावर कोणी म्हणेल, की मग बोलावेच कशाला, सत्कृत्ये बोलतील. संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या नावावर या अर्थाचे एक वाक्य सर्रास खपवले जाते. ते त्यांच्या लिखाणात सापडत नाही. 1219 साली धर्मयुद्धाच्या धामधुमीत ते दामिएत्ता येथे सुलतान अल्‌-कामिलला भेटून आले होते. त्यानंतर 1221 च्या नियमावलीत त्यांनी मुसलमानांमध्ये राहणाऱ्या बंधूंसाठी दोन रीती घालून दिल्या. एक, वादविवाद न करता सर्वांच्या अधीन होऊन राहणे आणि आपण ख्रिस्ती आहोत हे न लपवणे. दुसरी, देवाला ते रुचते असे दिसल्यावर वचन सांगणे. म्हणजे मौन होते, पण त्याच्या शेजारी शब्दही होता, आणि केव्हा बोलावे हे ओळखण्याची जबाबदारी बंधूंवर होती. पोप सहावे पौल यांनी 1975 सालच्या आपल्या सुवार्ताप्रसारावरील पत्रात हेच सांगितले: चांगल्या जीवनाने पाहणाऱ्याच्या मनात प्रश्न उठतात, परंतु कोणी कारण उलगडून सांगितले नाही, तर ते मूक जीवन कालांतराने अपुरे ठरते. तेथे त्यांनी आधार घेतला, तो पेत्राच्या याच वचनाचा.

मराठी ख्रिस्ती साहित्याचा उगमही एका विचारण्यातून झाला, हे आपण विसरू नये. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय 1579 साली गोव्यात आले आणि 1619 साली मरेपर्यंत त्याच भूमीत राहिले. त्यांचे ख्रिस्तपुराण 1616 साली राशोल येथे छापले गेले. ग्रंथाच्या आरंभीच साष्टीतील (ही गोव्याची साष्टी, आपल्या शेजारची नव्हे) एका ब्राह्मण श्रोत्याची विनंती आहे: आमची जुनी पुराणे गेली, आता वाचावयास आम्हांला दुसरे काही द्या. त्या विनंतीमागे एक कटू इतिहास आहे. जुने ग्रंथ आणि देवळे त्या लोकांनी सगळी राजीखुशीने सोडलेली नव्हती. सत्तेचा हात त्यात होता. ही गोष्ट झाकून स्टीफन्सचा गौरव करणे आम्हांला पटत नाही. पण विचारले गेल्यावर त्यांनी लॅटिन प्रश्नोत्तरी पुढे केली नाही. विचारणाऱ्याच्या भाषेत, त्याच्या ओवीत, स्वर्गाला वैकुंठ म्हणत हजारो ओव्या रचल्या.

दुसरे उदाहरण आगगाडीतले. 1893 साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले असता डब्यातील एका युरोपियन गृहस्थाने त्यांना आदराने वागवले, त्यांच्याशी बोलणे केले आणि नवा करार हाती ठेवला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या गृहस्थाचे नाव त्यांना कधी कळले नाही. ही कथा आपण आवडीने सांगतो, पण तेथेच थांबतो. तिचा पुढचा भाग लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त आहे: त्या बाप्तिस्म्याने मोडलेला संसार, माहेरच्यांच्या आधाराने काढलेले दिवस, आणि 1900 साली त्यांनी स्वतः घेतलेला बाप्तिस्मा. डब्यातून उतरून गेलेल्या प्रवाशाला यातले काहीच पाहावे लागले नाही. आपले शब्द ज्याच्या कानी पडतात त्याच्यामागे एक घर असते, आई असते, सोयरे असतात. पेत्राने आदर हा शब्द घातला, त्यात ही माणसेही येतात, असे आम्ही समजतो.

राहिला प्रश्न आपल्या स्वतःच्या उत्तराचा. तारण, कृपा, पवित्र त्रैक्य हे शब्द आपल्याला पाठ आहेत. शेजाऱ्याला ते परके आहेत आणि खरे सांगायचे तर आपल्यालाही ते मिस्सेपुरतेच जवळचे आहेत. आपण प्रार्थना प्रमाण मराठीत करतो आणि रडतो सामवेदीत, वाडवळीत. आशेचे कारण शोधायचे, तर ते ज्या बोलीत आपण रडतो तिच्यातच शोधावे लागेल. प्रेतयात्रेत आपण गातो, हे पाहून बाहेरचे लोक चकित होतात. "तुम्हांला रडू नाही का येत?" असे एखाद्या मावशी दारात आलेल्या घरधनिणीला विचारतात. येते, फार येते, पण आम्ही पुन्हा भेटणार आहोत, असे ती डोळे पुसत सांगते, आणि तिला धर्मशिक्षणाचा एकही धडा आठवलेला नसतो.

पहिला विचारणारा बहुधा बाहेरचा नसतोच. तो जेवणाच्या ताटावर बसलेला सोळा वर्षांचा मुलगा असतो. मिस्सेला का जायचे, असे तो विचारतो, आणि आपण म्हणतो, "आपण ख्रिस्ती आहोत म्हणून." त्याने कारण विचारले होते, आपण त्याला जात सांगितली. तो पुन्हा विचारीत नाही. त्याच्या गप्प बसण्याला आपण आज्ञाधारकपणा समजतो. एखाद्या संध्याकाळी रोजरी झाल्यावर लगेच उठून न जाता घरातल्या थोरांनी पाच मिनिटे त्याच्यापुढे बसावे आणि आपण का टिकून आहोत ते सांगावे. आजीने तिच्या बोलीत सांगावे, बापाने जमेल तसे. धंदा बुडाला त्या वर्षी काय घडले होते, कोणाची आठवण धरून आपण तगलो, कोणत्या दिवशी प्रार्थना नकोशी झाली आणि तरी का केली. बापाला शब्द सापडले नाहीत, आणि मला अजून नीट कळलेले नाही, तरी मी सोडीत नाही, एवढेच तो म्हणाला, तरी मुलाला पुढचा प्रश्न विचारता येतो.